दहा चमच्यांचं इंजिन

मुलांनो, औषधाच्या बाटलीबरोबर येणारा तो छोटा चमचा आठवतो ना? त्यात पाच मिलिलिटर औषध मावतं. असे दहा चमचे पाणी मोजून एका वाटीत ओता आणि वाटीत डोकावून बघा. तळाशी थोडंसं पाणी दिसेल, एवढंच. एका घोटात संपेल इतकं!

आता मी सांगते ते ऐका. बरोबर एवढ्याच जागेच्या इंजिनाने एकेकाळी आपल्या पुण्यातल्या हजारो माणसांना रोज ऑफिसला नेलं, शाळेत पोचवलं, मंडईतून भाजी आणली आणि गिरणीतून दळण आणलं. त्या इंजिनाच्या गाडीचं नाव होतं लूना. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिलीही नसेल. पण घरी आजोबांना किंवा आत्याला नुसतं नाव सांगून पाहा. चेहरा कसा खुलतो ते दिसेल.

आजचा आपला विषय आहे लहान गाड्या. म्हणजे खेळण्यातल्या नव्हेत. रस्त्यावर चालणाऱ्या, पण कमी ताकदीच्या मोटारसायकली आणि मोपेड. विषय कसा सुचला तेही सांगते. आमच्या सातवीच्या वर्गात मधल्या सुट्टीत एक वाद कायम रंगलेला असतो. कोण मोठा झाल्यावर बुलेट घेणार, कोण केटीएम घेणार. वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं असतात आणि चित्रांवर आकडे असतात : ३५०, ३९०, ६५०. एकदा मी विचारलं, ‘‘अरे, शंभर सीसीची गाडी कुणीच का काढत नाही?’’ तर एक जण म्हणाला, ‘‘बाई, ती काय गाडी झाली? ती तर दूधवाल्याकडे असते!’’ सगळा वर्ग हसला. तेव्हाच ठरवलं, दूधवाल्याच्या गाडीवर एकदा लिहायचंच.

सीसी म्हणजे काय?

आधी हा आकडा समजून घेऊ. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर म्हणजेच एक मिलिलिटर. इंजिनात एक नळकांडे असते, त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होत असतो. तळापासून माथ्यापर्यंत जाताना दट्ट्या जेवढी जागा व्यापतो, तेवढे त्या इंजिनाचे सीसी. या जागेत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण शिरते, दाबले जाते, ठिणगी पडते आणि भडका उडून दट्ट्या खाली ढकलला जातो. पन्नास सीसी म्हणजे दहा चमचे पेट्रोल नव्हे, बरं का! त्यात जवळजवळ सगळी हवाच असते. पेट्रोल अगदी थेंबाच्या अंशाएवढे.

जागा जितकी मोठी, तितका भडका मोठा आणि साधारणपणे ताकदही जास्त. लूनाचे इंजिन १० चमच्यांचे. जुन्या बुलेटचे ३४६ सीसी, म्हणजे जवळजवळ ७० चमचे. फरक साताचा! मग लूना कुणी का घ्यावी?

चंद्र रस्त्यावर आला

१९७२ साल. त्या काळी आपल्या देशात स्कूटर हवी म्हणून कुणी दुकानात गेले आणि घेऊन आले, असे होत नसे. नाव नोंदवायचे आणि वाट बघायची. एक-दोन महिने नव्हे, काही वर्षं! गाड्या किती बनवायच्या, यावर सरकारची परवानगी लागे. कारखाने कमी आणि मागणी भरपूर. पुण्याच्या रस्त्यांवर त्या वेळी राज्य होते सायकलींचे. सायकलींचे शहर म्हणूनच पुणे ओळखले जाई. सायकल आणि स्कूटर यांच्या मधली पायरीच गायब होती.

ती पायरी पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीने बसवली. कंपनीचे संस्थापक होते उद्योजक एच. के. फिरोदिया. इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवरून लूना तयार झाली. तिचा कारखाना अहमदनगरला होता, त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. लूना म्हणजे इटालियन भाषेत चंद्र. पुढे टीव्हीवर ‘चल मेरी लूना’ ही जाहिरात आली. ती लिहिणारे पीयूष पांडे पुढे देशातले नामांकित जाहिरात-लेखक झाले.

लूनाची रचना इतकी साधी, की सायकल येणाऱ्याला ती अर्ध्या तासात येई. तिला पायडल होते. पायडल मारायचे, इंजिन सुरू व्हायचे. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी यायचे. चढ आला आणि इंजिन कुरकुरू लागले, तर आपणच पायाने हातभार लावायचा. (पायाने ‘हातभार’ हा शब्दप्रयोग व्याकरणाच्या तासाला वापरू नका!) गिअर नाही, हाताने दाबायचा क्लच नाही.

क्लच नाही, मग इंजिनाची ताकद चाकाला जोडली कशी जाते? यात एक सुंदर युक्ती आहे. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या चक्रात बसल्यावर आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातोय असे वाटते ना? तेच इथे. इंजिनाच्या दांड्यावर छोटे ठोकळे स्प्रिंगने बांधलेले असतात. इंजिन हळू फिरत असते, तेव्हा ठोकळे आत असतात आणि गाडी उभी राहते. मूठ पिळली की इंजिन जोरात फिरते, ठोकळे बाहेर सरकतात, भोवतालच्या डब्याला घट्ट चिकटतात आणि चाक फिरू लागते. जत्रेतला पाळणाच जणू गाडीत बसवला आहे.

याचा परिणाम काय झाला बघा. ज्यांना जड गाडी स्टँडवर चढवता येत नव्हती, ज्यांनी आयुष्यात कधी गिअर पाहिला नव्हता, अशी कितीतरी माणसे स्वतःची स्वतः हिंडू लागली. पुण्यात साडी नेसून, पदर कमरेला खोचून लूनावरून ऑफिसला आणि शाळेत जाणाऱ्या बायका हे रोजचे दृश्य झाले. मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या एक निवृत्त बाई सांगतात, ‘‘अगं, लूना येण्याआधी बसच्या वेळेवर माझा दिवस ठरायचा. लूना आली आणि माझा दिवस मी ठरवायला लागले.’’ मला वाटतं, गाडीच्या ताकदीचे माप यापेक्षा चांगले कुणी सांगितले नसेल.

तबेल्यात उभे असलेले घोडे

आता जरा हिशोब करू. वही घेतलीत तरी चालेल.

सपाट रस्त्यावर एक माणूस दुचाकीवरून ताशी ४० किलोमीटरने चालला आहे. एवढा वेग टिकवायला किती ताकद लागते? चाकांचे घर्षण आणि समोरची हवा, या दोघांशी झगडायला साधारण एक अश्वशक्ती पुरते. फक्त एक! वेग वाढवायला आणि चढ चढायला जास्त लागते, हे खरे. पण नुसते चालत राहायला एकच घोडा.

वेग दुप्पट केला, ताशी ८० केला, तर? तुम्ही म्हणाल दोन घोडे. पण नाही. हवा मोठी हट्टी असते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो दुप्पट वेगाने कापायचा असतो, म्हणून हवेसाठी लागणारी ताकद होते आठपट. घर्षण धरून एकूण पाच-सहा घोडे लागतात. मोठ्या इंजिनाचे घोडे खरे कामाला लागतात ते असे मोठ्या वेगात.

आता लक्ष्मी रोडवर या. संध्याकाळचे सहा वाजलेत. सिग्नलला दोन गाड्या शेजारी उभ्या आहेत. एक ३९० ड्यूक, सुमारे ४३ अश्वशक्तीची. दुसरी १०० सीसीची, सात-आठ अश्वशक्तीची. दोन्हींच्या पुढे एकच पीएमपीची बस आहे. सिग्नल सुटला. दोन्ही गाड्या बसच्या मागून ताशी वीसने निघाल्या. ड्यूकचे एक-दोन घोडे काम करत आहेत आणि बाकीचे चाळीस तबेल्यात पाय आपटत उभे आहेत. गंमत म्हणजे ते उभे असले तरी त्यांचे ओझे मालकालाच वाहायचे. जड गाडी, तापलेले इंजिन, हळू चालवताना दुखणारे मनगट, लवकर रिकामी होणारी टाकी.

छोट्या गाडीवाल्याची मजा इथेच आहे. त्याच्याकडे थोडे आहे, पण आहे ते सगळे वापरात येते. लूनाची मूठ पूर्ण पिळली तरी ती बिचारी अशी किती पळणार? इंजिन जीव तोडून गुणगुणते, वारा तोंडावर येतो आणि वेग असतो ताशी चाळीसच्या आसपास. चढ समोर दिसला की चालवणारा आधीच विचार करतो. पुढचा माणूस कधी वळेल याचा अंदाज घेतो. उगाच ब्रेक मारून मिळवलेला वेग वाया घालवत नाही, कारण तो पुन्हा मिळवायला वेळ लागतो. म्हणून छोट्या गाडीवर शिकलेला माणूस रस्ता वाचायला शिकतो. जुने मेकॅनिककाका हेच सांगतील.

बाता-बाता आणि बोडा-बोडा

हे फक्त पुण्यातच घडले असे समजू नका. जपानची गोष्ट ऐका. दुसरे महायुद्ध संपले होते. शहरे उद्ध्वस्त, गाड्या नाहीत, पेट्रोल नाही. तेव्हा सोइचिरो होंडा नावाच्या एका तंत्रज्ञाच्या हाती लष्कराची काही छोटी इंजिने लागली. ती वायरलेस यंत्रांना वीज पुरवण्यासाठी बनवलेली होती. त्याने ती चक्क सायकलींना बसवली. त्या सायकली ज्या आवाजात चालत त्यावरून लोकांनी नाव ठेवले, ‘बाता-बाता’. आपल्याकडच्या फटफटीसारखेच!

त्याच होंडाच्या कंपनीने १९५८ साली ‘सुपर कब’ नावाची गाडी काढली. इंजिन अवघे ४९ सीसी. म्हणजे दहा चमच्यांनाही एक थेंब कमी. हाताचा क्लच हिलाही नव्हता. का ठाऊक आहे? जपानमध्ये हॉटेलातली मुले एका हातावर शेवयांच्या वाडग्यांचे तबक सांभाळत घरोघर जेवण पोचवत. त्यांना एका हाताने गाडी चालवता यावी असा विचार करून ती बनवली होती. (तुम्ही मात्र दोन्ही हात हँडलवरच ठेवायचे!) २०१७ पर्यंत या जातीच्या १० कोटींहून अधिक गाड्या बनल्या. इंजिन असलेले दुसरे कोणतेही वाहन इतके बनले नाही. जगातली सर्वांत जास्त बनलेली मोटार गाडी ना लांबलचक कार आहे, ना गुरगुरणारी रेसिंग बाइक. ती आहे ही शेवयांची गाडी.

आणि आता पुन्हा आपल्याकडे या. आपल्या बजाज कंपनीची ‘बॉक्सर’ ही छोटी मोटारसायकल परदेशात, विशेषतः आफ्रिकेत, फार चालते. युगांडात भाड्याने मिळणाऱ्या मोटारसायकलींना ‘बोडा-बोडा’ म्हणतात. युगांडा आणि केनियाच्या सीमेवर पूर्वी सायकलवाले माणसांना एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर पोचवत. ‘बॉर्डर टू बॉर्डर’ असे ते ओरडत, त्याचे झाले बोडा-बोडा. तिथल्या मातीच्या रस्त्यांवरून आजारी माणूस दवाखान्यात जातो, केळ्यांचे घड बाजारात जातात, मुले शाळेत जातात, ती पुष्कळदा आपल्या महाराष्ट्रात नाव कमावलेल्या कंपनीच्या छोट्या गाडीवरून. तिथे सुटे भाग मिळायला हवेत, गावातल्या मेकॅनिकला दुरुस्ती यायला हवी, पेट्रोल कमी लागायला हवे. छोटी गाडी या तिन्ही परीक्षांत पास होते.

मोठ्या गाडीची बाजू

तुम्ही म्हणाल, बाईंना मोठ्या गाड्यांचा राग दिसतो. मुळीच नाही. प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते.

खंबाटकी घाटात मागून ट्रक आणि पुढून ट्रक अशा रस्त्यावर पन्नास सीसीची गाडी नेणे म्हणजे हत्तींच्या कळपात ससा सोडणे. तिथे वेळेवर पुढे निघून जाण्याइतकी ताकद हवीच. दोन माणसे आणि सामान घेऊन लांबच्या प्रवासाला मोठे इंजिन बरे. भारतीय सैन्याने १९५०च्या दशकात बुलेट घेतल्या त्या डोंगराळ सीमेवरच्या कामासाठी. शिवाय मोठ्या गाडीचे ब्रेक आणि टायरही भक्कम असतात. आपल्या पुण्याजवळच्या चाकणमध्ये आज केटीएम आणि ट्रायम्फसारख्या ताकदवान गाड्या बनतात. त्या बनवणाऱ्यांचे कसब काही कमी नाही.

लूनाचा दोषही सांगायला हवा. तिचे इंजिन टू-स्ट्रोक होते. त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे आणि थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर पडे. मागे निळसर धूर आणि त्याचा तो वास! अशा लाखो गाड्या झाल्यावर शहराच्या हवेचे काय होणार? २००० सालापासून धुराचे नियम कडक झाले. कमी धूर सोडणारी, लिटरला साठ किलोमीटर जाणारी शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी लोकांना परवडू लागली. लूना हळूहळू रस्त्यावरून दिसेनाशी झाली. ते योग्यच झाले.

पण तिच्यामागची कल्पना मेली नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये लूना परत आली, विजेवर चालणारी, ई-लूना. धूर नाही, ऑइल नाही. आणि गंमत बघा, विजेच्या गाडीत हलकेपणाला पुन्हा मोल आले आहे. गाडी जितकी हलकी, तितकी बॅटरी लहान पुरते. पन्नास वर्षांपूर्वीचे जुने शहाणपण नव्या कपड्यांत आले आहे.

आकडा कुणाचा?

आता जरा गंभीर होऊन ऐका. तुमच्यातले काही जण चौदा-पंधरा वर्षांचे आहात. क्लासला जाताना ‘‘आई, गाडी नेऊ का?’’ असे विचारणारेही असाल. आपला कायदा काय सांगतो? मोटार वाहन चालवायला १८ वर्षे पूर्ण हवीत. १६ पूर्ण झालेल्यांना परवाना मिळू शकतो, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. आणि आज दारात उभी असलेली घरातली स्कूटर बहुतेक वेळा शंभर सीसीच्या पुढची असते. म्हणजे सोळाव्या वर्षीही ती तुमची नाही. २०१९मध्ये कायद्यात बदल झाला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. ‘जरा कोपऱ्यापर्यंत’ नेलेल्या गाडीची ही किंमत आहे.

कायदा एवढा कडक का, तेही हिशोबानेच बघू. ताशी ३० किलोमीटर वेग असताना समोर अचानक कुणी आले. मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते. मग चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ६ मीटर. एकूण १४. वेग ६० असेल तर? पहिल्या सेकंदात १७ मीटर, आणि पुढे थांबायला ६च्या दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे जवळजवळ २३ मीटर. एकूण ४०! शाळेच्या पटांगणात ४० पावले मोठी टाकून बघा आणि त्या अंतरात एखादे लहान मूल चेंडूमागे धावत आले आहे अशी कल्पना करा. मोठे इंजिन तुम्हाला ६०पर्यंत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नेते. थांबवण्याचे काम मात्र तुमच्या डोळ्यांचे, हाताचे आणि डोक्याचे. ते शिकायला वर्षे लागतात.

आणि हेल्मेट! या बाबतीत आम्ही मोठे पुणेकर फार वाद घालतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही आमचे ऐकू नका. रस्त्यावर आपटणाऱ्या डोक्याला गाडी किती सीसीची होती ते कळत नाही. मागे बसलात तरी हेल्मेट हवेच.

वहीवर आकडा जरूर काढा. उद्या मोठे झाल्यावर हौसेने बुलेटही घ्या, लडाखलाही जा. पण गाडीचा आकडा हा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नव्हे. छोट्या गाडीवर फिरणाऱ्या माणसाला हसण्याआधी एवढेच बघा, की त्याचे किती काम त्या गाडीने होते. पहाटे पाचला दुधाचे कॅन लावून येणारे काका रोज आपल्या गाडीची ताकद शेवटच्या थेंबापर्यंत वापरतात.

करून पाहा : या आठवड्यात घरातल्या किंवा वाड्यातल्या, सोसायटीतल्या तीन मोठ्या माणसांना चार प्रश्न विचारा. तुमची पहिली गाडी कोणती? ती किती सीसीची होती? तिच्यावरून सर्वांत लांब कुठे गेलात? आणि ती आल्यामुळे असे काय करता आले, जे आधी करता येत नव्हते? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकून, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. सीसीला पाचाने भागून चमचे किती झाले, तेही लिहा. सर्वांत कमी चमच्यांच्या गाडीची सर्वांत मोठी गोष्ट ज्याला मिळेल, त्याने ती मला जरूर पाठवावी.

तुमच्या,
बाई